तामूच्या व्हॅनचे दोष

सेफ्रू गावातल्या पुलाजवळून जी गल्ली वर चढते, तिथे सकाळी सातला एक आवाज होतो. आधी खर्रर्र, मग धाड. तो ऐकला की बायका घड्याळाकडे न बघताच पोरांच्या अंगावरची पांघरुणं ओढतात. कारण तो तामूच्या व्हॅनच्या सरकत्या दाराचा आवाज असतो, आणि तामूला उशीर झाल्याचं गल्लीने कधी पाहिलेलं नाही.

व्हॅन कधीकाळी पांढरी होती. आता तिचा रंग काय म्हणायचा हे जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. पुढे दोन जागा, मागे पाच, आणि मागचा बाक पुढे दुमडला की गाद्यांच्या लोकरीची आठ पोती सहज मावतात. तामूचा नवरा अल्लाल गाद्या भरतो. घरोघरी भिंतीकडेने बैठकीच्या लांब गाद्या असतात. त्या उसवायच्या, लोकर नदीवर धुवायची, वाळवायची, पिंजायची आणि पुन्हा भरायची, हा त्याचा पिढीजात धंदा. त्यामुळे सकाळी व्हॅनमध्ये शाळेची पोरं असतात, दुपारी लोकर, गुरुवारी आठवडी बाजारातून परतणाऱ्या बायका आणि त्यांच्या कोंबड्या, आणि शुक्रवारी कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या रव्याची, परातीएवढी ताटं. एकाच गाडीत एवढं सगळं कसं होतं, असं कुणी विचारलं तर तामू म्हणते, "घरात नाही का होत?"

ती एकोणपन्नास वर्षांची आहे. ठेंगणी, रुंद, आणि आवाज असा की पुलावरून हाक मारली तर वेशीतला माणूस वळून बघतो. चालवताना ती उशीवर उशी घेऊन बसते, जलाब्याच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, बाह्या कोपरापर्यंत सारते आणि चाक असं धरते की जणू कणीक मळायला घेतली आहे.

पण वयाच्या चाळिशीपर्यंत तिने सायकलचा दांडाही धरलेला नव्हता. तेव्हा गाडी अल्लाल चालवायचा. मग एका आठवड्यात त्याने व्हॅन दोनदा भिंतीला घासली. तिसऱ्यांदा डाळिंबाच्या गाड्याला घासली, आणि डाळिंबवाला अदबीने म्हणाला, "सी अल्लाल, मी काय भिंतीएवढाही दिसत नाही का?" काचबिंदू निघाला. समोरचं थोडं दिसायचं, जणू नळीतून बघतोय. आजूबाजूचं सगळं गेलं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर अल्लालने किल्ली चहाच्या तबकात ठेवली आणि तबक तामूपुढे सरकवलं.

"आजपासून तू," तो म्हणाला.

"मी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोकं आहे. डोळे नाहीत."

त्यानेच तिला शिकवलं, आणि शिकवलं ते कानांनी. शेजारी बसायचा, तळवा समोरच्या फळीवर टेकवायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "ऐक. ओरडतेय. गिअर बदल." ती बदलायची. "आता कण्हतेय. खाली आण." सुरुवातीला तिने गल्लीत गाडी मागे घ्यायला काढली की चहाच्या दुकानातली माणसं मुकाट्याने खुर्च्या उचलून आत जायची. परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. त्यानंतर काही महिन्यांनी एक दिवस तिने गाडी मागे घेतली आणि कुणीच खुर्ची हलवली नाही. तामू म्हणते, खरा परवाना तोच.

तेव्हापासून नऊ वर्षं ती चालवते आणि अल्लाल शेजारी बसतो. ती जागा त्याची. तिथे दुसरं कुणी बसलेलं गल्लीला चालत नाही.

आता या घरात कुरबुर कशी सुरू झाली ते सांगायला हवं. त्यांचा थोरला मुनीर फेझ शहरात बँकेत असतो. गुणी मुलगा, पगार झाला की आधी घरी फोन करणारा. त्याने केन्झा नावाची मुलगी पसंत केली होती आणि येत्या रविवारी सगळ्या घराने फेझला जाऊन रीतसर मागणी घालायची असं ठरलं होतं. मुनीरने नुकतीच नवी गाडी घेतली होती. काळी, बुटकी, चकचकीत. बुधवारी तो ती घेऊनच आला. गल्लीने कौतुक केलं. मुनीरच्या आजीने, जिला सगळे हन्ना म्हणतात, आत बसून बघायचं म्हटलं. तिला आत बसवता आलं, पण बाहेर काढायला चार माणसं लागली.

"गाडी आहे की विहीर?" हन्ना म्हणाली.

मुनीर हसला नाही. संध्याकाळी त्याने बापाला बाजूला घेतलं. व्हॅन विकून टाकू, तुम्हाला माझ्यासारखीच एक बरी गाडी घेऊन देतो, गिऱ्हाईकही बघून ठेवलंय, असं सगळं एका दमात सांगितलं. व्हॅनचे कागद अल्लालच्या नावावर. अल्लाल म्हणाला, "बघ, तुला योग्य वाटेल तसं."

तामूला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही धाकट्या लेकीकडून, इत्तोकडून.

"यम्मा, आपली व्हॅन घ्यायला उद्या माणूस येतोय."

"आपली? कोणती आपली?"

"आपल्याकडे किती आहेत?"

तामूने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. तिला राग आला हे खरं, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी आलं, आणि ते तिला ओळखीचं नव्हतं. गाडी गेली तर सकाळी सातला ती करणार काय? बुटक्या गाडीत लोकर जात नाही, पोरं मावत नाहीत, हन्ना बसत नाही. ती गाडी मुनीर येईल तेव्हा मुनीर चालवणार, आणि तामू मागे बसून खिडकीतून बघणार. आणि अल्लाल "बघ तुला योग्य वाटेल तसं" म्हणाला. तिला न विचारता. म्हणजे नऊ वर्षं त्याने तिच्या शेजारी बसून नुसते दिवस काढले की काय? हे तिच्या मनात आलं आणि तिला रडूच कोसळलं असतं, पण मेथी निवडायची होती.

ती मुनीरला एवढंच म्हणाली, "माणसाला किती वाजता बोलावलंयस?"

"उद्या, नमाज झाल्यावर."

"शुक्रवारी? दुपारी?"

मुनीर ओशाळला. शहरात राहून मुलगा एवढं कसं विसरतो! शुक्रवारी दुपारी दारात आलेल्या माणसाला कुसकुस खाऊ घातल्याशिवाय सोडता येत नाही, आणि एका ताटात जेवलेल्या माणसाशी मग घासाघीस कोणत्या तोंडाने करणार?

गिऱ्हाईक आलं. सी बुश्ता नावाचे डोंगरातल्या गावचे मास्तर. उंच, किडकिडीत, मिशीला खडूची पूड लागलेली, घरी चार मुलं आणि एक म्हातारी आई. दाराशी ते म्हणाले, "मी नंतर येतो," आणि हन्ना आतून ओरडली, "नंतर काय, ताट गार झाल्यावर?" झालं. बसले. सात भाज्यांचं कुसकुस, वर भोपळा आणि मनुका. मास्तर पोटभर जेवले, दोनदा 'अल्लाहची कृपा' म्हणाले, आणि मग तामूने ताक ओतता ओतता विषय काढला. तिने मनाशी ठरवलं होतं: खोटं बोलायचं नाही, पण खरं असं सांगायचं की माणूस पळून जाईल.

"ऐका सी बुश्ता. दोष लपवून विकणं आमच्या घरात बसत नाही, म्हणून आधीच सांगते. ते सरकतं दार आतून उघडत नाही. कडीच्या खाली मुठीने ठोसा द्यायचा, बरोबर चार बोटं खाली, मग ओढायचं. नवख्याला महिनाभर जमत नाही."

"वा!" मास्तरांचा चेहरा खुलला. "माझा धाकटा चालत्या टॅक्सीचं दार उघडतो हो. त्याला हेच दार पाहिजे."

तामूने इत्तोकडे पाहिलं. इत्तो ताटात बघत होती.

"वास येतो. वीस वर्षांच्या लोकरीचा. साबणाने धुतलं, लवंगा ठेवल्या, काही उपयोग नाही. भिनलाय."

"आमच्या घरात सहा बकऱ्या आहेत, लल्ला," मास्तर आदराने म्हणाले. "आईला घरी असल्यासारखंच वाटेल."

"मागची काच अर्धीच उतरते."

"पूर्ण उतरली तर पोरं चपला फेकतात."

"चढावर रांगते. मागून येणारे भोंगे वाजवतात. शिव्या देतात."

"देऊ देत की! आई शेजारी असली की मी तसाही वेगाने नेत नाही."

हन्ना तोंडावर डोईच्या रुमालाचं टोक धरून हसायला लागली. मुनीरचा चेहरा उजळत चालला आणि तामूचा पडत. एकेक दोष ती काढायची आणि तो मास्तरांच्या हातात जाऊन गुण होऊन बसायचा. शेवटी मास्तरांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि भाबडेपणाने विचारलं, "मला एक सांगा. इतकी चांगली गाडी तुम्ही विकताय कशाला?"

मुनीर म्हणाला, "यम्माला आता झेपत नाही. त्रास होतो."

"कुणाला?" तामू म्हणाली.

"चालवून तर बघू," अल्लाल म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

जायचंच आहे तर रिकामं कशाला, म्हणून तामूने नेहमीची दोन ताटं फडक्यात बांधली: एक पुलाजवळच्या मशिदीत वाटसरूंसाठी, दुसरं वरच्या आळीत अल्लालच्या बहिणीला, यझ्झाला. मास्तर चाकामागे बसले. अल्लाल आपल्या जागी. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तामू मागे बसली, मांडीवर गरम ताट घेऊन, शेजारी मुनीर. तिथून तिला अल्लालची मान दिसत होती आणि फळीवर टेकवलेला तळवा. कधी नव्हे ते तिला त्याच्याकडे निवांत बघता आलं. मान बारीक झाली होती.

मशिदीत ताट उतरलं. गाडी वरच्या आळीचा चढ चढू लागली.

"ओरडतेय, मास्तर. बदला," अल्लाल म्हणाला.

मास्तरांनी बदललं. गाडी दोन हिसके देऊन कण्हायला लागली.

"तामूच्या हाताखाली ही अशी ओरडत नाही," अल्लाल म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा बोलला, तेही मास्तरांनाच. काही गोष्टी परक्या माणसाला सांगायला सोप्या जातात. "माझ्या मनात नव्हतं विकायचं. पण मला वाटलं, ती दमली असेल. सकाळी पोरं, दुपारी लोकर, आणि वर मी. गिऱ्हाइकाच्या दाराशी उतरवायचं, पायऱ्या मोजून सांगायच्या, परत आणायला यायचं. तोंडाने ती बोलायची नाही. म्हटलं, गाडी गेली की निदान तेवढं ओझं तरी कमी होईल."

"गाडी थांबवा," मागून तामू म्हणाली.

मास्तरांनी चढावरच ब्रेक दाबला. मागून भोंगा वाजला, शिवीही आली, दोष सांगितल्याप्रमाणे.

"अल्लाल, मी तोंडाने बोलायची नाही? मी?" तामूचा आवाज खिडकीबाहेर गेला. "मीठ जास्त झालं तर बोलते, तू जोडे उंबऱ्यात काढलेस तर बोलते, आणि दमले तर तेवढं बोलणार नाही? नऊ वर्षं तू शेजारी आहेस म्हणून मला चाक धरायची भीती वाटली नाही. तू ऐकतोस, मी बघते. दोघांची मिळून ही गाडी चालते. ओझं म्हणे! पुन्हा हा शब्द काढलास तर खरंच पायी चालवीन."

अल्लाल वळला नाही. पण फळीवरचा तळवा उचलून त्याने मागे धरला, हवेत, अंदाजाने. तामूने एका हाताने ताट सावरलं आणि दुसऱ्या हाताने तो धरला.

मास्तर हळूच खाली उतरले, पलीकडून येऊन त्यांनी किल्ली खिडकीतून तामूच्या हातात दिली. मुनीरच्या नाही, अल्लालच्याही नाही. "मी मास्तर आहे, लल्ला. उत्तर कळलं की फळा पुसतो," ते म्हणाले. "पण कधी विकायचीच झाली तर आधी मला कळवा."

मग तामू पुढे आली, उश्या नीट केल्या, आणि व्हॅन तो चढ एकही शब्द न काढता चढली. यझ्झाला ताट पोचलं. मास्तरांना टॅक्सीतळावर सोडलं, पोरांसाठी भोपळ्याच्या फोडी बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर मुनीर मागे एकटा बसला होता. आरशात त्याचं तोंड दिसत होतं.

"बोल," तामू म्हणाली.

"काही नाही."

"मुनीर."

"शाळेत मला मेंढी म्हणायचे," तो म्हणाला. "बा लोकरीच्या पोत्यांवर बसवून सोडायला यायचे. ही गाडी फाटकाशी आली की सगळा वर्ग बें बें करायचा. मी आत खाली वाकून बसायचो. घंटा होईपर्यंत. रविवारी केन्झाच्या दारात ही गाडी उभी राहिली की... मला तेच ऐकू येणार, यम्मा. कुणी नाही केलं तरी."

हे तामूला माहीत नव्हतं. रोज सकाळी त्याच्या डब्यात ऑलिव्ह भरताना, कॉलर ताठ करताना तिला कधी कळलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि आपण गाडीचे इतके दोष मोजले त्यात हा एक राहून गेला याचं जास्त वाईट वाटलं. तिने गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली.

"गाडी राहील," मग ती म्हणाली. "तुझ्या बाने सांगितलं, मी सांगितलं, संपलं. पण तू म्हणतोस ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. रविवारी तू तुझ्या गाडीने पुढे हो. मी कोपऱ्यावर थांबवीन आणि आम्ही चालत येऊ. कुणाला दिसायची नाही."

"हन्नाचा गुडघा?"

"हन्ना चालेल. नातवाची मागणी आहे."

रविवारी सकाळी मुनीरच्या काळ्या गाडीत मागणीच्या रीतीप्रमाणे निळ्या कागदातले साखरेचे सुळके, खजूर, दूध आणि मेंदीचं तबक ठेवलं. मुनीरशिवाय माणूस एकही बसला नाही. पुढच्या सीटवर साखर ठेवल्यामुळे गाडी पट्टा लावा म्हणून पिपाणी वाजवत राहिली, तेव्हा मुनीरने साखरेला पट्टा लावला. व्हॅनमध्ये तामू, अल्लाल, हन्ना, इत्तो, यझ्झा आणि शेजारची खद्दूज, जिच्या आनंदाच्या किलकारीशिवाय या गल्लीत साखरपुडाही होत नाही. दाराजवळची सातवी जागा रिकामी राहिली. फेझपर्यंत व्हॅनमध्ये गाणी चालली होती आणि पुढच्या काळ्या गाडीत साखर गप्प बसली होती.

केन्झाचं घर चढावर. तामूने शब्द दिल्याप्रमाणे कोपऱ्यावर, पाववाल्याच्या भिंतीआड गाडी थांबवली. वर दारात माणसं जमलेली दिसत होती. यझ्झाने हन्नाला दंडाला धरून खाली उतरवलं आणि कोपऱ्यापर्यंत आणलं. हन्नाने चढाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फार नाही. दोनदा बसले की पोचते." कुणी तक्रार केली नाही. खद्दूजसुद्धा गप्प होती, आणि तिचं गप्प असणं तामूच्या जिवाला लागलं.

मुनीरने आरशात हे पाहिलं असावं. त्याची गाडी निम्म्या चढावर थांबली, कडेला लागली. तो उतरला. दोन्ही हातांत मावतील तेवढे साखरेचे सुळके घेऊन खाली चालत आला, ते इत्तोच्या मांडीवर टाकले, पुन्हा वर गेला, तबक, खजूर आणि दूध घेऊन आला, हन्नाला आणि यझ्झाला परत आत बसवलं आणि सातव्या जागेवर बसला. दार ओढून घेतलं. धाड.

"दारापर्यंत चल, यम्मा."

"आणि तुझी गाडी?"

"तिला काय करायचंय. ओरडतेय का बघा, बा."

"अजून नाही," अल्लाल म्हणाला. तळवा फळीवर होता.

व्हॅन चढावर रांगली. खद्दूजने जीभ हलवून अशी किलकारी फोडली की वरच्या दारातल्या बायकांनी तिथूनच उत्तर दिलं. तामूने गाडी बरोबर उंबऱ्यासमोर उभी केली. केन्झा आईच्या मागून बघत होती. तिचे वडील पाहुण्यांना उतरवून घ्यायला पुढे आले आणि दाराची कडी शोधू लागले. पण त्याआधीच आतून ठोसा बसला. कडीखाली, बरोबर चार बोटं. खर्रर्र करून दार उघडलं आणि मुनीर सगळ्यांच्या आधी खाली उतरला, ताठ उभा राहिला, मग वळून त्याने हन्नाला हात दिला.

त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीवर लोकरीचा एक पुंजका चिकटला होता. तामूने तो काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.